दोन जनगणनांमध्ये हरवलेले मूल

राजघराण्यांच्या बखरी असतात. मजुराच्या घराण्याचा दीडशे वर्षांपूर्वीचा इतिहास शोधायचा झाला, तर हाती लागतात त्या फक्त जन्म, लग्न आणि मृत्यूच्या सरकारी नोंदी. पण या कोरड्या कागदांत किती दुःख आणि किती सत्य दडलेले असते, ते इंग्लंडमधील लेस्टर शहरातल्या मेरिक कुटुंबाच्या कहाणीवरून कळते.

या घरातला थोरला मुलगा जोसेफ, जन्म 5 ऑगस्ट 1862. शरीर विद्रूप करणाऱ्या आजारामुळे पुढे जग त्याला ‘एलिफंट मॅन’ म्हणून ओळखू लागले. वडील गोदामात कामाला होते. आई मेरी जेन ही शेतमजुराची मुलगी. लग्नाआधी ती लोकांच्या घरी मोलकरीण होती.

त्या काळी इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे 150 मुले वर्षाची होण्याआधीच दगावत. त्यातून वाचलेल्यांना गोवर, डांग्या खोकला, घटसर्प गाठत. दाटीवाटीच्या वस्त्यांत एका घरचा ताप दुसऱ्या घरी जायला वेळ लागत नसे.

मेरिकांच्या घरीही हेच घडले. धाकटा विल्यम आर्थर जानेवारी 1866 मध्ये जन्मला. 21 डिसेंबर 1870 रोजी स्कार्लेट फीव्हरने, म्हणजे घसा सुजवून अंगावर लाल पुरळ आणणाऱ्या तापाने, तो गेला. वय अवघे चार. सारे शहर नाताळ साजरा करत होते, त्या दिवशी या घराने लेकराचे दफन केले.

आता गंमत पाहा. इंग्लंडमध्ये जनगणना दर दहा वर्षांनी होई. एक एप्रिल 1861 मध्ये झाली, पुढची एप्रिल 1871 मध्ये. विल्यम पहिलीनंतर जन्मला आणि दुसरीच्या आधी गेला. केवळ जनगणनेवर विसंबले तर हे मूल कधी नव्हतेच! दिसतात ते आठ वर्षांचा जोसेफ आणि तीन वर्षांची बहीण मॅरियन. दोघांच्या वयातले हे मोठे अंतर पाहूनच शोधणाऱ्याने थांबायचे आणि मृत्यूची नोंदवही उघडायची.

नोंदी चूकही सुधारतात. 1864 मध्ये तीन महिन्यांचा होऊन देवीने गेलेला जॉन थॉमस मेरिक हाही याच घरचा, असे बरीच वर्षे मानले जाई. जन्मदाखल्यावरची आईबापांची नावे पाहिली, तेव्हा तो दुसऱ्याच मेरिकांचा निघाला. आडनाव सारखे, गावही तेच. दुःख मात्र दुसऱ्या घरचे.

सर्वांत मोठा न्याय मिळाला तो आईला. जोसेफवर देखरेख ठेवणारे सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनी 1923 च्या आपल्या पुस्तकात लिहिले, की आईने त्याला अगदी लहानपणीच टाकून दिले होते. मृत्यूची नोंद वेगळेच सांगते. मेरी जेन मे 1873 मध्ये फुप्फुसाच्या आजाराने वारली. विल्यमला जाऊन अडीच वर्षे झाली होती आणि जोसेफ दहा वर्षांचा होता. तिने मुलाला टाकले नव्हते. मरणाने तिला नेले होते. जोसेफने अनाथ-गरिबांच्या वर्कहाउसची पायरी चढली ती सतराव्या वर्षी, आईच्या मृत्यूनंतर साडेसहा वर्षांनी. एका कागदाने एका मातेवरचा कलंक पुसला.

1911 च्या तिथल्या जनगणनेत विवाहित स्त्रियांबद्दल एक प्रश्न होता : मुले किती झाली, हयात किती, गेली किती? हाच प्रश्न आपण आपल्या घरातल्या दादी-नानीला कधी विचारला आहे का? जवळ बसून हळुवारपणे विचारा. गेलेल्या लेकरांची नावे तिला पाठ असतील. ती तारखेसह वहीत उतरवून ठेवा. तिच्यानंतर ती सांगणारे कोणी उरणार नाही.