भडकल दरवाजा कोणी बांधला?

आमच्या देवणीकडे एखादे लेकरू रंगाने काळे असले, की आपलीच माणसे त्याला ‘हबशी’ म्हणून चिडवतात. माझ्या धाकट्या मुलीला पाहुण्यांनी असेच म्हटले, तेव्हा सगळे हसले. मीही हसलो. रात्री तिने विचारले, “पप्पा, हबशी म्हणजे काय?” मला धड सांगता येईना. जातीचे नाव शिवीसारखे वापरले की कसे झोंबते, हे आपल्या घरांना सांगायला नको. म्हणून या शब्दामागची माणसे कोण, ते शोधून येथे मांडत आहे.

हबशी म्हणजे हबश देशाचा माणूस. आजच्या इथिओपियाच्या भागाला अरब लोक हबश म्हणत. तेथील मुले पकडून गुलामांच्या बाजारात विकली जात. त्यांतली कित्येक समुद्र ओलांडून दख्खनच्या सुलतानांच्या फौजेत आली. सुमारे १५४८ साली जन्मलेला मलिक अंबर त्यांपैकीच एक. अनेकदा विकला गेलेला हा मुलगा अखेर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी आला. हा पेशवाही मूळचा हबशी गुलामच! पुढे अंबर मोकळा झाला. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा बुडती निजामशाही त्यानेच सावरून धरली.

१६१० साली त्याने खडकी येथे नवे शहर वसवले. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नळांतून त्याने शहरात खेळवले, ती नहर-ए-अंबरी. जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत महसुलाच्या इतिहासात नावाजली गेली. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. बादशहा जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात अंबरला काळ्या रंगावरून शिव्या दिल्या आहेत. पण १६२६ साली अंबर वारला तोपर्यंत निजामशाही काही बादशहाला बुडवता आली नाही. खुलताबादेत अंबरची कबर आहे.

अंबर एकटा नव्हता. या नव्या शहरात त्याच्याबरोबर हबशी सरदार होते, शिपाई होते, त्यांची घरेदारे होती. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि ते या मातीत मिसळले. राजांची नावे पुस्तकांत राहिली. या माणसांचे नाव मात्र आपल्या तोंडी शिवी होऊन उरले. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे निजामाचे आफ्रिकन घोडदळ होते. हैदराबादेतील ए.सी. गार्ड्स ही वस्ती त्याच घोडदळाच्या नावाने ओळखली जाते. त्यांचे वंशज तेथे आजही राहतात.

बंधू-भगिनींनो, अमेरिकेतील काळ्या बांधवांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले. सातासमुद्रापलीकडचे नाते आपण ओळखले आणि दारातले विसरलो. संभाजीनगरात भडकल गेटजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे. चौदा एप्रिलला तेथे किती गर्दी लोटते! पण तो दरवाजा १६१२ साली मोगलांवरील विजयाची खूण म्हणून एका हबशाने, एकेकाळच्या गुलामाने बांधला, हे त्या गर्दीतल्या कितीजणांना ठाऊक असते?

यंदा बाबासाहेबांना अभिवादन करून मी मुलीला त्या दरवाजासमोर उभी करणार आहे आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर तेथेच देणार आहे. तुम्हीही लेकरांना न्या. आणि घरात कोणी ‘हबशी’ म्हणून हसलेच, तर त्याला शांतपणे विचारा, हे शहर कोणी वसवले?