अमृताची वांटणी

देवदानवांच्या युद्धाची कथा आपल्या घरांत कोणास ठाऊक नाहीं? आजीच्या मुखानें ती ऐकावयाची, पुराणिकांच्या तोंडून पुन्हां ऐकावयाची, आणि पुढें आपण स्वतः नातवंडांस सांगावयाची, असा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. परंतु ज्या अमृतासाठीं तें युद्ध झालें, तें जेथें वांटलें गेलें असें लोक मानतात, ती भूमि आपल्याच नगर जिल्ह्यांत आहे, ह्याचें स्मरण फार थोड्यांस असतें. २०२४ सालीं ह्या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें. आमच्या पिढीच्या तोंडीं अजून 'नगर' हेंच बसलेलें आहे, तेवढी मोकळीक वाचकांनीं आम्हांस द्यावी.

अकोले तालुक्यांत रतनगडाच्या परिसरांत प्रवरा उगम पावते. तेथेंच रतनवाडीस अमृतेश्वराचें प्राचीन शिवालय आहे. प्रवरेस लोक 'अमृतवाहिनी' म्हणतात. संगमनेरावरून ती पूर्वेस येते आणि नेवासें मागें टाकून टोक्यापाशीं गोदावरीस मिळते. नेवाशास मोहिनीराजाचें भव्य दगडी मंदिर आहे. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनीं अठराव्या शतकांत तें बांधविलें. भगवान् विष्णूंनीं मोहिनीचें रूप घेऊन येथेंच पंगत बसविली. देवांच्या पंक्तींत चोरून बसलेल्या राहूचें शिर चक्रानें उडालें तें राहुरीस पडलें, आणि त्याची काया गोदेपलीकडे कायगांवीं पडली, असें ह्या भागांतील लोक सांगतात. गांवांच्या नांवांची ही उपपत्ति व्याकरणाच्या कसोटीस उतरेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण एक आख्यान तीन गांवांनीं आपसांत वांटून घ्यावें, ह्यांत मौज खचित आहे.

आमची सारी हयात शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेली. एकदां वर्गांत हीच कथा चालली असतां मागील बांकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, दोर तर राक्षसांनींहि ओढला होता ना? मग त्यांना अमृत कां नाहीं?" आम्हीं ठरीव उत्तर दिलें, "ते दुष्ट होते म्हणून." मुलगा खालीं बसला, पण त्याचें समाधान झालें नाहीं, हें त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतें. खरें सांगावयाचें तर आमचेंहि झालें नव्हतें. त्या रात्रीं आम्हीं श्रीमद्भागवताचा आठवा स्कंध पुन्हां काढला, आणि ज्या अध्यायांचीं आम्हीं पारायणें केलीं होतीं, त्यांत आजवर न दिसलेल्या गोष्टी दिसूं लागल्या.

दुर्वासांच्या शापानें देव निस्तेज झाले. दैत्यांपुढें त्यांचा टिकाव लागेना. तेव्हां बळीशीं संधि करण्याचा सल्ला त्यांस भगवंतांनींच दिला. मंदराची रवी, वासुकीचा दोर आणि दोन्ही पक्षांचे श्रम. हालाहल निघालें तें शंकरांनीं प्राशन केलें. शेवटीं धन्वंतरि कलश घेऊन वर आले, तोंच दैत्यांनीं तो हिसकावून घेतला. येथपर्यंत दोष दैत्यांचा. पण त्यांच्यांतलेच जे दुर्बळ होते, ते म्हणूं लागले कीं, ज्यांनीं सारखे श्रम केले त्या देवांसहि त्यांचा भाग मिळाला पाहिजे. सत्रयागांत जसा सर्वांचा वांटा, तसाच येथें. हाच सनातन धर्म होय. ते हें मत्सरानें बोलले, असें भागवतकार सांगतात. असेना! वांटणीच्या न्यायाचें इतकें स्पष्ट बोलणें ह्या आख्यानांत दुसरें नाहीं, आणि तें निघालें दैत्यांच्या गोटांतून.

मग मोहिनी आली. दैत्य तिला म्हणाले, "आमची वांटणी तूं करून दे." स्वैर स्त्रीवर शहाण्यानें विश्वास ठेवूं नये, असें तिनें आधीं बजावलें, आणि मग अट घातली कीं, मी बरें करीन वा वाईट करीन, तें तुम्हांस मान्य असेल तरच मी वांटीन. दैत्यांनीं होकार दिला. दोन पंक्ति बसल्या. एका पंक्तींत कलश रिकामा झाला. हें डोळ्यांपुढें चाललेलें असतां दैत्य उगेच बसून राहिले. कारण दिलेला शब्द त्यांस पाळावयाचा होता आणि स्त्रीशीं भांडणें त्यांस निंद्य वाटत होतें. संधि देवांच्या बाजूनें मोडला, आणि शब्द दैत्यांनीं पाळला! आम्ही ग्रंथ मिटून कांहीं वेळ तसेच बसलों.

घनघोर युद्ध पेटलें तें ह्यानंतर. इंद्रानें बळीस पाडलें. नारदांनीं मध्यें पडून संहार थांबविला. शुक्राचार्यांनीं बळीस पुन्हां उठविलें. आणि पुढें काय झालें? त्याच बळीनें स्वर्ग जिंकला; अमृत प्यालेले देव परागंदा झाले, आणि वामनास अवतार घ्यावा लागला. अमृतानें मरण चुकलें, पण वैर चुकलें नाहीं. दिवाळीच्या पाडव्यास आपण पूजा करतों, तीहि बळीचीच. श्रम सारखे असूनहि फळ देवांसच मिळालें, कारण त्यांनीं हरिचरणांचा आश्रय केला होता, असा निर्णय भागवतानें दिला आहे, आणि तो आम्हांस शिरोधार्य आहे. परंतु लीला भगवंतास शोभते. गृहस्थानें तिचें अनुकरण करूं नये.

कारण वांटणीचें युद्ध पुराणांत संपलें नाहीं. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. खालीं पैठणापाशीं गोदावरीवर जायकवाडीचें धरण आहे. पाऊस उणा झाला कीं वरच्या धरणांतून खालीं किती पाणी सोडावें, ह्यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा ह्यांत तंटा उभा राहतो, तो न्यायालयापर्यंत जातो. आणि जें खोऱ्यांत, तेंच घरोघरीं.

तीर्थरूप वारल्यावर आमच्या घरची वांटणी आम्हींच केली. धाकटे बंधु म्हणाले, "दादा, तुम्ही कराल तें मला मान्य आहे." विहिरीजवळचा बागाइती तुकडा आम्हीं आपल्याकडे ठेविला, माळाकडील जिराईत त्यांच्याकडे गेलें. क्षेत्र सारखें होतें. कागदावर कोणास बोट ठेवतां आलें नसतें. आमच्या घरीं खाणारीं माणसें अधिक, मुलींचीं लग्नें व्हावयाचीं, अशीं कारणें आम्हांस पुरेशीं वाटलीं. बंधु कांहीं बोलले नाहींत. भांडण झालें नाहीं. पण गणपतीस ते सहकुटुंब येत, ते येईनासे झाले. आम्ही त्यांस मानी म्हणत होतों. भागवताचीं तीं पानें वाचल्यावर ध्यानांत आलें कीं, मोहिनीनें घातलेली अट आणि बंधूंनीं आपण होऊन दिलेला शब्द एकच आहे.

नेवाशासच तो खांब आहे, ज्यास टेकून ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० सालीं, गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. ग्रंथाच्या शेवटीं स्थळाचा निर्देश करतांना ज्ञानेश्वरांनीं म्हाळसेचें, म्हणजे मोहिनीराजाचेंच, नांव घेतलें आहे. संन्याशाचीं मुलें म्हणून ज्यांना पंक्तीबाहेर ठेविलें, त्यांतीलच एकानें, जेथें एका पंक्तीस वाढून दुसरीस उपाशी उठविलें त्याच गांवीं बसून, संस्कृताच्या कलशांतलें अमृत मराठींत सर्वांस वाढलें. आणि शेवटीं पसायदान मागतांना दुष्टांचा नाश मागितला नाहीं. त्यांचा दुष्टपणा जावो, आणि ज्याला जें हवें तें मिळो, एवढेंच मागितलें. देवदानवांचें वैर मिटविण्याचा दुसरा मार्ग आम्हांस तरी दिसत नाहीं.

हें कळूनहि बोलावयास आणखी कित्येक वर्षें गेलीं. गेल्या वर्षीं बंधूंस पत्र लिहून आम्हीं नेवाशास बोलाविलें. मोहिनीराजाचें दर्शन घेऊन प्रवरेकांठीं बसलों असतां, विहिरीचें पाणी इतःपर निम्मे-निम्मे घ्यावें, असें आम्हीं सुचविलें. ते बराच वेळ नदीकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "दादा, पाणी मी घेईन. पण त्या वेळीं मला नुसतें विचारलें असतेंत, तर मीच नको म्हटलें असतें."

ज्यांच्या हातीं आज घरची पळी आहे, त्या वाचकबंधुभगिनींस आमचें एवढेंच सांगणें आहे: जो मागतो त्याच्याकडे सर्वांचेंच लक्ष जातें, वाढतांना, पंगतींत उगा बसलेल्याच्या पानाकडे एकदां अवश्य पाहावें.