तारे नंतर, आधी नोंदणी क्रमांक

वस्तीत नवा दवाखाना उघडला की पोरं मोबाईल बघून सांगतात, "पाच तारे आहेत, डॉक्टर चांगला आहे." तारे देणारा खरंच पेशंट होता का, हे कोण बघतं? पैसे घेऊन तारे वाढवून देणारेही आहेत. कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असं सांगितलं. मोबाईलवरची ख्याती ऐकीवच की!

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, चिठ्ठीवर आणि पावतीवरही द्यायचा असतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो तपासा, नाव जुळतं का पाहा. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. क्रमांकच नसेल, तर ५० रुपयांत सुई मिळते म्हणून लेकराला तिथे नेऊ नका.

आपला अनुभवही जरूर लिहा. कधी गेलो, किती पैसे घेतले, पावती दिली का, एवढंच. रागात "चोर" लिहिलंत तर बदनामीची नोटीस येऊ शकते. स्वतःचा किंवा घरच्यांचा आजार मात्र तिथे लिहू नका. उत्तर देताना डॉक्टरलाही तो उघड करता येत नाही. टीबी असो की आणखी काही, पेशंटची गुप्तता त्याच आचारसंहितेत आहे.