दंतोपचारभीती

दंतोपचारभीती : दंतवैद्य, त्याची उपकरणे किंवा दातांवरील उपचार यांविषयी वाटणारी, प्रत्यक्ष धोक्याच्या मानाने अवास्तव असलेली व उपचार टाळण्यास भाग पाडणारी भीती. उपचारापूर्वी वाटणारी थोडीफार अस्वस्थता स्वाभाविक असून तिची गणना विकारात होत नाही. मात्र भीती सहा महिने वा त्याहून अधिक काळ टिकली आणि तिच्यामुळे आवश्यक उपचारही टाळले जाऊ लागले, तर मानसोपचारशास्त्रात तिला विशिष्ट भयगंड मानतात. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांच्या २०२१ मधील एकत्रित विश्लेषणानुसार सु. १५ टक्के प्रौढांत ही भीती आढळते व सु. ३ टक्क्यांत ती अतितीव्र असते.

कारणे : भीती तीन मार्गांनी उत्पन्न होते, असे स्टॅन्ली रॅखमन यांनी १९७७ मध्ये प्रतिपादन केले. हे मार्ग म्हणजे स्वतःचा क्लेशदायक अनुभव, दुसऱ्याच्या भीतीचे दर्शन आणि ऐकीव माहिती. दंतोपचारभीतीत पहिला मार्ग विशेष महत्त्वाचा ठरतो. दात काढताना किंवा कोरताना तीव्र वेदना झाली, की त्या वेळच्या इतर संवेदनाही वेदनेशी जोडल्या जातात [⟶ अभिसंधान]. पुढे कोरणयंत्राचा आवाज, खुर्ची किंवा औषधांचा वास एवढ्यानेही भीती जागृत होते. लवंगेचा वास हे याचे बोलके उदाहरण आहे. लवंग तेलातील यूजेनॉल हे द्रव्य दात भरण्याच्या सिमेंटातही वापरतात. त्यामुळे घरी दाढ दुखत असता आराम देणारा तोच वास भयग्रस्त रुग्णाच्या ठिकाणी दवाखान्यात धडधड निर्माण करतो.

वेदनेइतकीच असहायताही कारणीभूत असते. रुग्ण उताणा पडलेला, तोंड उघडे, बोलणे अशक्य आणि उपचार दृष्टीआड, अशा अवस्थेत ‘थांबा’ म्हणण्याचीही सोय उरत नाही. दुखत असल्याचे सांगूनही दुर्लक्ष झाले किंवा रागावून गप्प बसविले, तर तो अनुभव खोलवर रुजतो. याउलट वेदनारहित भेटींचा पूर्वानुभव संरक्षक ठरतो. ग्रॅहॅम डेव्ही यांनी १९८९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, आधी अनेक भेटी सुखरूप पार पडलेल्या असल्यास नंतरच्या एखाद्या वेदनामय भेटीने भयगंड जडण्याचा संभव कमी असतो. म्हणून पहिली भेट कोणत्या परिस्थितीत घडते, हा प्रश्न निर्णायक आहे.

परिस्थितीचा प्रभाव : रत्नागिरी जिल्ह्याच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. २०११ च्या जनगणनेनुसार येथील सु. ८४ टक्के लोकसंख्या ग्रामीण असून सह्याद्री व समुद्र यांमधील डोंगराळ प्रदेशात ती विखुरलेल्या वाड्यांतून राहते. दंतवैद्य बहुधा तालुक्याच्या गावी वा शहरात असतो. दाढ ठणकू लागली की प्रथम लवंग, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या असे घरगुती उपाय होतात. दाताला लागलेली कीड म्हणजे खरोखरीचा किडा, या जुन्या समजुतीतून रिंगणीच्या बियांची धुरी घेण्याची प्रथाही ग्रामीण महाराष्ट्रात आढळते. काहीजण, विशेषतः स्त्रिया, मशेरी लावतात. तिने तात्पुरते बरे वाटले, तरी तंबाखूचे व्यसन जडते व मुखकर्करोगाचा धोका वाढतो. अखेर गाल सुजल्यावर दवाखाना गाठला जातो.

नेमक्या याच वेळी उपचार अधिक दुखण्याची शक्यता असते. स्थानिक संवेदनाहारकाचा विद्युत् भाररहित अंशच तंत्रिकेच्या आवरणातून आत शिरू शकतो. शोथामुळे (दाहयुक्त सुजेमुळे) ऊतक अम्लीय झाले, की हा अंश घटतो व सुई टोचूनही भाग पुरेसा बधिर होत नाही. अशा रीतीने उशीर हेच वेदनेचे आणि वेदना हे पुढील उशिराचे कारण बनते. भीती, टाळाटाळ, दातांची दुरवस्था, तिच्यामुळे वाटणारी लाज व पुन्हा वाढलेली भीती, हे दुष्टचक्र स्वीडिश दंतवैद्य उल्फ बेर्गग्रेन यांनी १९८४ मध्ये वर्णिले. टाळाटाळीचा सर्वांत गंभीर परिणाम म्हणजे तोंडातील कर्करोगपूर्व चट्टे वेळीच तपासले न जाणे.

लक्षणे व मापन : भेटीच्या आदल्या रात्री झोप न येणे, नाडी जलद होणे, घाम, तोंडाला कोरड, मळमळ ही सामान्य लक्षणे होत. सुईच्या वा रक्ताच्या भीतीत मात्र रक्तदाब एकाएकी उतरून घेरी येऊ शकते. भीतीची तीव्रता मोजण्यासाठी नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये चार प्रश्नांची श्रेणी तयार केली. तिच्या १९९५ मधील सुधारित आवृत्तीत सुईविषयीचा पाचवा प्रश्न समाविष्ट झाला. या आवृत्तीत ५ ते २५ गुण असून १९ वा अधिक गुण तीव्र भीतीचे निदर्शक मानतात.

उपचार : पहिला उपाय वेदना टाळणे हा होय. कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनचा स्थानिक संवेदनाहरणासाठी उपयोग दाखविला. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले लिडोकेन १९४८ पासून प्रचारात आले व दंतवैद्यकात सर्वत्र रूढ झाले. हिरडीला आधी बधिर करणारा लेप लावणे, औषध सावकाश टोचणे, परिणाम होईपर्यंत थांबणे आणि सूज अधिक असल्यास शक्य तेथे प्रथम तिचा उपचार करणे, या साध्या गोष्टींनी बहुतेक वेदना टळते.

दुसरा उपाय रुग्णाला नियंत्रण परत देणे. हात वर करताच काम थांबेल, असा संकेत आधी ठरवतात व तो कटाक्षाने पाळतात. मुलांसाठी ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत १९५९ पासून प्रसिद्ध आहे. उदा., छोटा आरसा प्रथम मुलाच्या हाती देतात, नंतर त्याच्या नखावर फिरवून दाखवतात आणि मगच तोंडात घालतात.

जडलेल्या भीतीवर जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार क्रमाक्रमाने उपचार करतात. रुग्ण शिथिलीकरण शिकून प्रथम केवळ दवाखान्यात बसतो, मग खुर्चीवर, मग तपासणीपुरते तोंड उघडतो. प्रत्येक पायरी सुसह्य झाल्यावरच पुढची घेतात. घेरी येणाऱ्यास याउलट हातापायांचे स्नायू ताणावयास शिकवतात, त्यामुळे रक्तदाब टिकून राहतो. नायट्रस ऑक्साइड वायू वा शामक औषधे यांनी तातडीचे काम उरकता येते. तथापि केवळ त्यांच्याने मूळ भीती जात नाही.

प्रतिबंध : बालकाची पहिली दंततपासणी वर्षाचे होईपर्यंत, काहीही दुखत नसताना व्हावी. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ असा धाक घालू नये. तसेच ‘मुळीच दुखणार नाही’ असे खोटे आश्वासनही देऊ नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत दातांचाही समावेश आहे. रत्नागिरी जिल्ह्यात खेड येथे दंतमहाविद्यालय व त्याला जोडलेले रुग्णालय आहे. अशा सोयींचा उपयोग दुखणे सुरू होण्यापूर्वी झाला, तर दंतवैद्याची पहिली आठवण वेदनेची राहणार नाही. दंतोपचारभीती हा भित्रेपणा नसून अनुभवाने शिकलेली प्रतिक्रिया आहे. म्हणूनच चांगल्या अनुभवांनी ती कमी करता येते.