गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि अंतर्गत किरणोपचार

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत पहाटेपासून गाळ्यावर बसणाऱ्या भाजीविक्रेत्या भगिनींना आजारपणात पहिली चिंता पडते ती गाळा किती दिवस बंद राहील, याची. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ही चिंता जिवावर बेतू शकते. कारण या रोगावरील किरणोपचार दोन टप्प्यांत पुरे होतात आणि रुग्णाला बरे वाटू लागते ते मात्र पहिल्याच टप्प्यात.

रोग गर्भाशयमुखाच्या आसपास पसरला असल्यास सामान्यतः शस्त्रक्रियेऐवजी किरणोपचार योजतात. प्रथम सुमारे पाच आठवडे यंत्राद्वारे बाहेरून ओटीपोटावर किरण सोडले जातात. जोडीला बहुधा आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध शिरेतून देण्यात येते. तेवढ्याने रक्तस्राव थांबतो, दुर्गंधीयुक्त पाणी जाणे कमी होते आणि रोग गेला असे समजून काही स्त्रिया घरी राहतात. वस्तुतः गाठीचे मूळ नष्ट करण्यास लागणारी मात्रा बाहेरून देता येत नाही. पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय अगदी लगत असतात. त्यांना ती सोसणार नाही.

येथे अंतर्गत किरणोपचार, म्हणजेच ब्रॅकीथेरपी, उपयोगी पडते. सायंकाळी गाळ्यावर टांगलेल्या दिव्याखालची कोथिंबीर स्वच्छ दिसते, चार पावलांवरची टोपली अंधुक. किरणांचेही तसेच आहे: अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई उरते. म्हणून किरणांचा उगमच गाठीपाशी नेऊन ठेवावयाचा.

त्यासाठी भूल देऊन गर्भाशयात एक बारीक नळी आणि योनिमार्गात गर्भाशयमुखाच्या दोन्ही बाजूंस दोन छोट्या नळ्या बसवितात. मूत्राशय व गुदाशय दूर सारले जावेत म्हणून भोवती जाळीच्या कापडाची पट्टी भरतात. छायाचित्रण करून मात्रेचा हिशेब होतो. मग सर्वजण खोलीबाहेर गेल्यावर यंत्र तारेच्या टोकाशी असलेला इरिडियमचा इवलासा कण नळीत सरकविते, ठरलेल्या जागी ठरलेले क्षण थांबविते आणि परत आपल्या कवचबंद पेटीत ओढून घेते. हे काम काही मिनिटांचे. शरीरात किरणोत्सर्गी काहीही उरत नाही. घरी जाऊन लेकराला जवळ घेण्यास कोणताही धोका नाही.

पूर्वी रेडियम, पुढे सीझियम वापरीत, तेव्हा रुग्णाला दोन-तीन दिवस वेगळ्या खोलीत निश्चल पडून राहावे लागे. ती आठवण अद्याप घरोघरी सांगितली जाते. भीतीचे एक कारण तेच असावे. आता बहुधा तीन ते पाच बैठकी होतात आणि अनेक ठिकाणी रुग्ण त्याच दिवशी घरी जाते. इरिडियमची शक्ती 74 दिवसांत निम्मी होते, म्हणून रुग्णालयांना तो कण दर तीन-चार महिन्यांनी बदलावा लागतो.

बाहेरचे व आतले मिळून सर्व उपचार शक्यतो आठ आठवड्यांत संपावेत. लांबण लागली तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे पहिल्याच भेटीत चौकशी करावी, आणि ती करताना दोन्ही टप्पे त्याच रुग्णालयात होतात काय, हेही विचारून घ्यावे.