खेळासाठीं लॅपटॉप कीं कन्सोल?



सीबीडी बेलापूर येथें, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या पावसाळ्यांत एक लहानसा वाद उपस्थित झाला, आणि तो मिटविण्यासाठीं मला बोलावणें आलें. चिरंजीव बारावी उत्तीर्ण होऊन अभियांत्रिकीच्या वर्गांत जाणार, तेव्हां त्यास लॅपटॉप घेऊन देणें प्राप्तच होतें. परंतु त्याच्या मनांत भरला होता तो कन्सोल; म्हणजे टेलिव्हिजनला जोडून खेळ खेळण्याचें स्वतंत्र यंत्र. दोन्ही वस्तु एकाच वर्षीं घेण्याजोगी ऐपत नव्हती. स्नेही मला म्हणाले, "अहो, लॅपटॉपवरहि खेळ चालतातच ना? मग एकाच यंत्रानें दोन्ही कामें कां भागूं नयेत?"

प्रश्न रास्त होता. पण त्यांत एक नाजूक बाबहि होती. लॅपटॉप घेतला कीं त्यांत कन्सोल आलाच, असें मुलास सांगून मोकळें व्हावें, असा वडिलांचा विचार होता. तें आश्वासन खरें ठरेल कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून मला मत देतां येईना.

पडद्यावरील चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची रांगोळी होय. नेहमींच्या पडद्यावर एका ओळींत 1920 ठिपके व अशा 1080 ओळी असतात. म्हणजे एकूण 20,73,600 ठिपके झाले. पत्र लिहितांना किंवा हिशेब मांडतांना ह्यांतले थोडेच बदलतात. खेळांत मात्र धावणारा घोडा, त्याची सावली, पाण्यांतील प्रतिबिंब, हें सर्व सेकंदाला 60 वेळां नव्यानें रेखाटावें लागतें. म्हणजे दर सेकंदास सुमारें 12 कोटी 44 लाख ठिपक्यांचा रंग ठरवावयाचा! हें काम एका हुशार कारकुनाचें नव्हे. हजारों साध्या कारकुनांनीं एकाच वेळीं करावयाचें आहे. संगणकाच्या ज्या भागाकडे तें सोपविलेलें असतें त्यास ग्राफिक्स प्रोसेसर म्हणतात. साध्या लॅपटॉपांत ह्या भागास स्वतंत्र जागा नसते. मुख्य प्रोसेसरच्याच चिपमध्यें एका बाजूस त्याची सोय लावलेली असते, आणि रॅमहि दोघांनीं वांटून घ्यावयाची असते.

खरी अडचण ह्या वांटणींत आहे. सोनी कंपनीचें प्ले-स्टेशन 5 हें यंत्र भारतांत 2021 सालच्या फेब्रुवारींत आलें. त्यांत 16 जीबी रॅम असून तिच्यांतून सेकंदाला 448 जीबी मजकुराची ने-आण होऊं शकते. डीडीआर-4 जातीच्या रॅमच्या दोन पट्ट्या बसविलेल्या साध्या लॅपटॉपांत हीच ने-आण फार तर 51 जीबी होते; आणि पुष्कळ स्वस्त लॅपटॉपांत पट्टी एकच असल्यामुळें तीहि निम्म्यावर येते. ठाणें-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांस कारखाने सज्ज असावेत, कामगारहि हजर असावेत, पण माल आणणाऱ्या गाड्या एकाच मार्गिकेंत अडकून पडाव्यात, तशी ही अवस्था होते. "प्रोसेसर अगदीं नवा आहे" ह्या दुकानदाराच्या वाक्यानें तो रस्ता रुंद होत नाहीं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. प्ले-स्टेशन 5 भारी खेळाच्या वेळीं 200 वॉटच्या आसपास वीज घेतें. साध्या लॅपटॉपचा चार्जर बहुधा 65 वॉटचा, आणि त्यांतच पडद्याचा खर्चहि आला. घेतलेल्या विजेची अखेर उष्णताच होते. कन्सोलच्या पोटांत मोठा पंखा व धातूच्या पात्यांचा जाडजूड संच बसतो. बोटभर जाडीच्या लॅपटॉपांत तो कोठून बसावा? चिप फार तापली कीं स्वतःच्या रक्षणासाठीं ती आपला वेग कमी करते. म्हणून पहिलीं दहा-पंधरा मिनिटें खेळ सुरेख चालतो आणि मग अडखळूं लागतो. दुकानांतील प्रात्यक्षिक पांच मिनिटांचें असतें, हें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळणाऱ्यांची गोष्ट तर बोलावयासच नको. खालचीं भोकें गादीनें बुजतात.

स्वतंत्र ग्राफिक्स चिप व तिची स्वतःची रॅम असलेले लॅपटॉप मिळतात, आणि ते कन्सोलच्या तोडीचें काम करूंहि शकतात. पण त्यांची किंमत, वजन व पंख्याचा आवाज हीं तिन्ही वाढलेलीं असतात, आणि वर्गांत त्यांची बॅटरी लवकर संपते. हार्बरच्या गाडींत रोज खांद्यावर वागविण्याची ती वस्तु नव्हे. माझ्या स्नेह्यांच्या शेजाऱ्यांनीं तर कळफलकाखालीं रंगीबेरंगी दिवे पाहून "खेळाचा" लॅपटॉप घेतला. घरीं आल्यावर कळलें कीं स्वतंत्र चिप त्यांत नाहींच, दिवे मात्र आहेत.

मग कन्सोलच श्रेष्ठ म्हणावयाचा काय? तसेंहि नाहीं. काउंटर-स्ट्राइक 2 किंवा डोटा 2 हे खेळ संगणकावरच खेळावे लागतात. वसतिगृहांतून एका पिढीनें ज्यावर रात्री जागविल्या तो एज ऑफ एम्पायर्स मूळचा संगणकाचाच. उलट ग्रँड थेफ्ट ऑटो 5 हा खेळ कन्सोलवर 2013 सालीं आला आणि संगणकवाल्यांस 2015 पर्यंत वाट पाहावी लागली. रेड डेड रिडेम्पशन 2 ला तर डिस्कवर 150 जीबी जागा लागते. 512 जीबीच्या लॅपटॉपांत अभ्यासाशेजारीं असा पाहुणा ठेवणें कठीण.

येथें पुण्याचें एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. नॉडिंग हेड्स गेम्स ह्या पुण्याच्या मंडळीनें राजी नांवाचा खेळ रचला. राक्षसांनीं पळविलेल्या गोलू ह्या धाकट्या भावास शोधावयास निघालेल्या मुलीची ती कथा आहे. हा खेळ 2020 सालच्या ऑगस्टमध्यें प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला व ऑक्टोबरांत संगणकावर आणि इतर कन्सोलांवर. आतां स्विच हें हातांत धरावयाचें, 2017 सालचें अल्पशक्ति यंत्र. खेळतांना तें 20 वॉटहि खात नाहीं. म्हणजे चित्र देखणें असण्यास प्रत्येक वेळीं राक्षसी शक्ति लागतेच असें नाहीं. रचणाऱ्यानें कोणतें यंत्र डोळ्यांपुढें ठेवलें ह्यावर पुष्कळ अवलंबून असतें. कन्सोलचें खरें बळहि हेंच. सोनीचें चौथें यंत्र 2013 चें, पांचवें 2020 चें. मधलीं सात वर्षें खेळ रचणारे त्याच एका ठराविक यंत्राच्या मापानें कपडा बेतीत होते. लॅपटॉपांचीं मापें मात्र हजार.

खर्चाचा विचारहि एका बाजूनें होत नाहीं. प्ले-स्टेशनवर विकत घेतलेला खेळ इतरांबरोबर इंटरनेटवरून खेळावयाचा तर बहुधा निराळी वर्गणी पडते. संगणकावर ती सहसा पडत नाहीं. उलट कन्सोलची तबकडी मित्रास देतां येते, जुनी म्हणून विकतां येते. आणि दिवाणखान्यांत टेलिव्हिजन एकच असला तर संध्याकाळीं त्यावर सत्ता कोणाची, हें मी ह्या घरांत सांगण्याची गरज नव्हती. आजीबाई समोरच बसल्या होत्या.

शेवटीं मीं स्नेह्यांस स्पष्ट सांगितलें: लॅपटॉप घ्या, कारण कन्सोलवर अभियांत्रिकीचा अभ्यास होणार नाहीं, परंतु हा कन्सोलच आहे असें मुलास सांगूं नका. नवे भारी खेळ ह्यावर नीट चालणार नाहींत, हें त्यास आजच कळूं द्या. वडिलांनीं तसें सांगितलें. मुलगा दोन दिवस घुश्श्यांत होता. तिसऱ्या दिवशीं त्यानेंच रॅमच्या दोन पट्ट्या असलेला, 16 जीबीचा एक साधा लॅपटॉप शोधून काढला. उरलेल्या पैशांतून खेळाचा एक कंट्रोलर व एचडीएमआयची तार आली. कन्सोलचा विषय त्याच्या पहिल्या पगारावर ढकलण्यांत आला आहे.

परवां रविवारीं मी पुन्हां गेलों, तेव्हां लॅपटॉप तारेनें टेलिव्हिजनला जोडलेला होता, चित्राची बारकाई थोडी उतरवून राजी चालू होती, आणि आजीबाई जपमाळ हातांत धरून नातवास विचारीत होत्या, "अरे, तो गोलू सांपडला कीं नाहीं अजून?"