मधल्या जागेत कोण बसणार?

टेमघरहून कल्याणला लग्नाला निघालो की आमच्या गाडीत सात माणसं सहज मावायची. पुढे दोन, मागे चार आणि मांडीवर एक लेकरू. मांडीवरचं लेकरू मोजायची पद्धत आमच्याकडे नव्हती, तुमच्याकडेही बहुधा नसेल. गाडी जुनी, लहान, कागदोपत्री पाच जणांची. आज त्याच गाडीत मागे दोन कार सीट बसल्यात, एक अडीच वर्षांच्या लेकीची आणि एक तिच्या नव्या भावाची. दोघांच्या मधे उरलेल्या वीतभर जागेत कोण बसणार, यावर आमच्या घरात दोन महिने चर्चा चालली.

लेक वर्षाची असताना काय झालं ते आधी सांगायला हवं. संध्याकाळची वेळ, राजनोली नाक्याच्या अलीकडे नेहमीची कोंडी. दादी पुढच्या सीटवर, लेक त्यांच्या मांडीवर. वेग तीसच्या आसपास. समोर एक टेम्पो अचानक आडवा आला. ब्रेक दाबला, तरी बंपर जाऊन टेकलाच. गाडीला ओरखडा आला आणि लेकीच्या कपाळावर दोन टाके पडले. दादींनी तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तरी पुढे कित्येक आठवडे त्या एकच वाक्य म्हणत राहिल्या, "माझ्या हातातून सुटली."

त्यांच्या मनातून हे काढायला आम्ही एक हिशेब मांडून दाखवला. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या प्रत्येक गोष्टीला आपल्या वजनाच्या जवळजवळ वीसपट ओढ बसते. नऊ किलोची मुलगी त्या क्षणी 180 किलोंची होते. एवढं ओझं पैलवानाच्या हातातही राहत नाही, तिथे गुडघे दुखणाऱ्या दादींचे हात काय करणार? त्या वेगाची धडक म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. गच्चीच्या कठड्यावर आपण लेकराला कधी बसवत नाही, मग गाडीत डॅशबोर्डसमोर कसं बसवतो? दादी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आधी कोणी सांगितलं असतं तर?"

सांगणारा कायदा तेव्हाही होता. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि कलम 194 ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालसीटविना गाडीत असेल तर हजार रुपये दंड. कल्याण रोडवर यासाठी आम्हाला कोणी आजवर अडवलेलं नाही.

कार सीट आमच्या घरात आली ती कायद्यामुळे नव्हे, मामूंमुळे. ते शारजाहत नोकरीला आहेत. संयुक्त अरब अमिरातीत 2017 पासून चार वर्षांखालच्या मुलाला सीटशिवाय गाडीत बसवलं की 400 दिरहम दंड आहे. तिकडे आपलीच कोकणी माणसं इस्पितळातून बाळ आणायला जाताना सीट घेऊन जातात, आणि सुट्टीत गावी आली की तेच बाळ पुन्हा मांडीवर! मामूंनी आपल्या मुलाची सीट सामानात घालून आणली. वापरलेली सीट कोणाकडूनही घेऊ नये, असं जाणकार सांगतात, कारण एकदा अपघात सोसलेल्या सीटचं प्लास्टिक आतून तडकलेलं असू शकतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ही घरची होती, तिचा इतिहास ठाऊक होता. तरी पाठीवरची तारीख पाहून घेतली. सीटलाही मुदत असते, ती प्लास्टिकवर छापलेली किंवा कोरलेली मिळते. शिवाय एक नारिंगी चिठ्ठी होती, तिच्यावर "ईसीई आर 44" आणि वजन 0 ते 18 किलो. भारतीय मानक एआयएस-072 आहे. यांपैकी काहीच न छापलेली स्वस्त गादीवजा वस्तू विकायला दिसली तर ती खेळण्याच्या भावातही घेऊ नका.

सीट आली तेव्हा पहिला वाद झाला तोंड कुठे करायचं यावर. लहान बाळाची सीट उलटी बसवतात, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. आजूबाजूच्या बायकांना ही शिक्षाच वाटली, "बिचारीला रस्ताही दिसू नये?" पण तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं असतं, लांबीचा जवळजवळ चौथा भाग, आणि मान कोवळी. धडकेत पुढे तोंड असलेल्या बाळाचं धड पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. उलट्या सीटमध्ये सगळा भार पाठ आणि डोकं मिळून टरफलावर घेतात. ही कल्पना स्वीडनच्या बर्टिल आल्डमान यांना 1960 च्या दशकात जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या सीटवरून सुचली. युरोपच्या नव्या नियमात किमान पंधरा महिने उलटंच बसवायचं आहे, आणि अमेरिकेचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात, सीटच्या वजनाची आणि उंचीची मर्यादा भरेपर्यंत उलटंच ठेवा. आमची लेक बारा किलो पार करेपर्यंत उलटी बसली. पाय आखडतात म्हणून कधी रडली नाही. मांडी घालून बसायची, जेवायला बसल्यासारखी.

मग दुसऱ्या बाळाची चाहूल लागली.

सातव्या महिन्यात आम्ही तान्ह्या बाळाची कडीवाली सीट घेतली, तेरा किलोंपर्यंतची. दुकानात पैसे देण्याआधी ती गाडीत बसवून पाहिली. जुन्या गाडीत आयसोफिक्सचे हूक नसतात. सीट बेल्टनेच बांधायची, आणि उलट्या सीटला बेल्ट पूर्ण वळसा घालून जातो. पहिल्या दुकानातल्या सीटला आमचा बेल्ट चार बोटं कमी पडला. दुसरीला जेमतेम पुरला. बांधून झाल्यावर जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवायची. इंचभराहून जास्त सरकली तर पुन्हा बांधायची.

आता बसवायची कुठे? मधल्या जागेला आमच्या गाडीत फक्त कमरेचा पट्टा आहे, म्हणून दोन्ही सीट दोन्ही कडांना. डावी बाजू फुटपाथची, बाळाला तिथून काढणं सोयीचं, म्हणून बाळ डावीकडे ठेवलं. तर उलट्या सीटला जागा करून द्यायला पुढची सीट इतकी पुढे सरकवावी लागली की दादींचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. संधिवाताच्या माणसाला तसं बसवून कल्याणपर्यंत नेणं म्हणजे जुलूमच. बाळ उजवीकडे, चालवणाऱ्याच्या मागे घेतलं, तर आमच्यापैकी जो चालवतो तो पावणेसहा फूट, त्याची छाती स्टिअरिंगला. मधल्या जागेत दादी? त्यांना तिथे शिरताच येईना. एक संध्याकाळ अशी गेली. खाली इमारतीतली मुलं जमा होऊन बघत होती.

तोडगा दादींनीच काढला. "ही चालवते ना? मग हिलाच बसव." आमच्यातली दुसरी पाच फूट एक इंच. ती चालवायला बसली की सीट पुढेच असते आणि मागे बाळाची सीट आरामात मावते. लेकीची पुढे तोंड केलेली सीट डावीकडे, तिला पायांना जागा कमी लागते. दादी पुढे, गुडघे मोकळे. राहिला पावणेसहा फुटी, तो मोटारसायकलवर मागून! उजवी बाजू रहदारीची, म्हणून बाळाला चढवणं-उतरवणं फक्त आवारात किंवा गाडी भिंतीला नीट लावून, हा नियम ठरला. बाळंतपणानंतर डॉक्टरांनी चालवायची परवानगी देईपर्यंतचा काळ मात्र वेगळा होता. तेव्हा दादी घरीच राहिल्या आणि बाळाची सीट पुन्हा डावीकडे गेली.

नवी गाडी असणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. हल्लीच्या गाड्यांत पुढच्या प्रवाशासमोर एअरबॅग असते. उलटी बालसीट तिच्यासमोर कधीही ठेवायची नाही. उघडणारी एअरबॅग सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

इस्पितळातून निघायच्या दिवशी नानींनी बाळाला दुपट्यात करकचून बांधून दिलं, चार पिढ्यांची पद्धत. पण सीटचा पट्टा पायांच्या मधून येतो. बांधलेल्या बाळाला तो लागतच नाही. वरून जाड कपड्यावर ओढला तर घट्ट वाटतो आणि धडकेत कापड दबून ढिला पडतो. म्हणून दुपटं सोडलं, पाय मोकळे असलेला झबला-चड्डी घातली, पट्टा लावला आणि दुपटं वरून पांघरलं. पट्टा खांद्याशी चिमटीत धरता येता कामा नये, तेवढा घट्ट. नानी दाराशी उभ्या, डोळ्यांत पाणी. "चार तासांपूर्वीपर्यंत माझ्या कुशीत होता," म्हणाल्या. त्यांना काय उत्तर द्यायचं ते आम्हाला सुचलं नाही. लेकीला सुचलं. ती आपल्या सीटमधून म्हणाली, "नानी, त्याचा पण बेल्ट."

तिची तयारी मात्र आधीपासून चालू होती. बाळ येण्याच्या दोन महिने आधी आम्ही तिची सीट डावीकडे हलवली, म्हणजे भावाने आपली जागा घेतली असं तिला वाटू नये. रिकाम्या कडीवाल्या सीटमध्ये तिची बाहुली बसवून चार फेऱ्या मारल्या. तरीही पहिल्या आठवड्यात तिने बकल उघडायला शिकून घेतलं. बकल उघडं दिसलं की गाडी बाजूला लावायची आणि पुन्हा लावेपर्यंत हलायचं नाही, हे तीन वेळा केलं, त्यातली एक वेळ गोपाळनगरपाशी मागून हॉर्नचा कल्लोळ चालू असताना. चौथ्यांदा तिने उघडलं नाही.

दोन गोष्टी टेमघरच्या उन्हाने शिकवल्या. दुपारी उभ्या गाडीतलं धातूचं बकल भाजतं, आधी आपल्या हाताला लावून पाहावं आणि सीटवर पांढरी चादर टाकून ठेवावी. आणि बाळाच्या गळ्यातला ताईत प्रवासात काढून पिशवीत ठेवावा, दोरा पट्ट्यात अडकतो.

इतका खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्यांना आम्ही अमेरिकेच्या रस्ता-सुरक्षा खात्याचे आकडे सांगतो. मोटारीत नीट बसवलेल्या सीटमुळे वर्षाखालच्या बाळाच्या मृत्यूचा धोका 71 टक्क्यांनी आणि एक ते चार वर्षांच्या मुलाचा 54 टक्क्यांनी कमी होतो. मोठ्यांसाठी आकड्यांची गरज पडत नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघरमधल्या चारोटीजवळ सायरस मिस्त्री गेले ती गाडी महागातली होती. पण मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, आणि तेच दोघे गेले.

मोटार नसलेली घरं आमच्या गल्लीत जास्त आहेत. त्यांच्यासाठीही नियम आहे, फेब्रुवारी 2023 पासून लागू. दुचाकीवर चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढे हेल्मेट हवं आणि वेग 40 च्या आत. टाकीवर उभं करून नेणं आता सोडून द्यायला हवं. रिक्षात सीट बांधायची सोय नाही. तिथे बाळ मधल्या माणसाच्या मांडीवर, कडेच्या नाही, एवढंच आपल्या हातात.

चिल्ला संपल्यावर महाडला गावी जायचं ठरलं. तान्ह्याला सीटमध्ये सलग फार वेळ ठेवू नये, मान पुढे झुकून श्वास अडू शकतो, म्हणून दर अर्ध्या-पाऊण तासाला थांबायचं. लांबच्या वाटेवर मोटारसायकलचा तोडगा चालत नाही, आणि दादींना पुढे कोंबायचं नव्हतं. मग पावणेसहा फुटी चालवायला, बाळ डावीकडे, त्याची अम्मी पुढे, मधली जागा रिकामी. दादी फुफीबरोबर कोकण रेल्वेने वीर स्टेशनला. आम्ही आठ वेळा थांबत पोहोचलो तेव्हा दादी ओट्यावर चहा पिऊन बसल्या होत्या. "पुढच्या वेळीही मी गाडीनेच येणार," म्हणाल्या, "आगगाडीने."